काळजी करणं, काळजी घेणं

मराठीत फोन ठेवताना एक ठरलेली देवाणघेवाण होते. एक जण म्हणतो, "काळजी घे." दुसरा म्हणतो, "काळजी करू नकोस." शब्द एकच, क्रियापदं दोन. रोजच्या वापराने ही दोन वाक्यं इतकी गुळगुळीत झाली आहेत की आपण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतो आहोत हे लक्षातही येत नाही.

काळजी करायला समोर कुणी असावं लागत नाही. ती अंथरुणात पडल्या पडल्या, अंधारात, हजारो किलोमीटरवरून करता येते. काळजी घ्यायला उठावं लागतं, जवळ जावं लागतं, हात लावावा लागतो. तरीही आपण धरून चालतो की पहिली गोष्ट ही दुसरीची पायरी आहे. जो जास्त काळजी करतो त्याचं प्रेम जास्त, आणि ज्याचं प्रेम जास्त तो काळजीही चांगली घेणार. 'तुला माझी काळजीच नाही' या तक्रारीत तर दोन्ही अर्थ एकत्र कालवलेले असतात.

मला हा हिशेब पटत नाही. काळजी करणं ही काळजी घेण्याची पायरी असतेच असं नाही. पुष्कळदा ती आडवी येते. हे इतक्या ठामपणे म्हणायचं कारण थोडं विचित्र आहे. ते एका कुंडीत आहे.

गेली चार वर्षं पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, पूर्वेच्या खिडकीशी, एक फॅलेनॉप्सिस आहे. नाव अवघड असलं तरी झाड तुम्ही पाहिलेलं असतं: हॉटेलच्या रिसेप्शनवर, डेंटिस्टच्या काउंटरवर, दिवाळीच्या कॉर्पोरेट भेटींत. खाली चार-सहा जाड, चामड्यासारखी पानं, त्यांच्यातून निघालेला एक कमानदार दांडा, आणि त्यावर ओळीने पांढरी किंवा जांभळी फुलं, दिव्यावर येणाऱ्या पतंगांसारखी पसरलेली. नावाचा अर्थही तोच, पतंगासारखं दिसणारं. कार्ल लुडविग ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली या प्रजातीला हे नाव दिलं. तिचं मूळ घर म्हणजे मुख्यतः आग्नेय आशियातली दमट जंगलं, आणि त्या जंगलांतही ती सहसा मातीत वाढत नाही. फांदीवर किंवा खोडावर, मुळांनी सालीला धरून, जमिनीपासून उंच राहते.

आपल्याकडेही अशी ऑर्किडं आहेत. सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर झाडांच्या खोडांवरून सीतेची वेणी लोंबते. ऑर्किडला मराठीत आमरी असा छान शब्द आहे, पण फांदीवर परकं काही हिरवं दिसलं की त्याला सरसकट बांडगूळ म्हणायची आपली पद्धत. हा अन्याय आहे. बांडगूळ यजमान झाडाच्या आत शिरून त्याचं पाणी आणि क्षार ओढून घेतं. फांदीवरचं ऑर्किड फक्त बसायला जागा घेतं. पाणी पावसाचं आणि धुक्याचं, अन्न सालीच्या खाचांत साठलेल्या पाचोळ्याचं.

या राहणीसाठी त्याच्या मुळांची रचना खास झालेली असते. मुळांवर मेलेल्या, पोकळ पेशींचं जाड आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. पाऊस आला की हे आवरण स्पंजासारखं पाणी शोषून घेतं. पाऊस थांबला की वारा लागतो आणि ते पुन्हा कोरडं होतं. कोरडं मूळ चंदेरी दिसतं, ओलं मूळ हिरवं, कारण भिजल्यावर आवरण पारदर्शक होऊन आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. भिजणं आणि सुकणं हे दोन्ही मिळून त्यांचं जगणं आहे.

म्हणून घरातली ऑर्किडं तहानेने क्वचित मरतात. बहुतेक बुडून मरतात.

आणि ती नेमकी प्रेमळ माणसांच्या हातून मरतात, ही खरी गंमत आहे. झाडावर प्रेम आहे हे दाखवण्याचा आपल्याला माहीत असलेला सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पाणी घालणं. माझ्या आधीच्या ऑफिसात पँट्रीच्या खिडकीत कुणाला तरी भेट आलेलं एक ऑर्किड ठेवलेलं होतं. त्याला तीन माणसं, एकमेकांना न सांगता, रोज पाणी घालत होती. तिघंही सज्जन. मुळं सतत ओली राहिली की गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं मलूल पडतात, त्यांवर सुरकुत्या येतात. मलूल पान पाहून माणसाला वाटतं, याला तहान लागली. तो आणखी पाणी घालतो.

इंजिनिअर माणसाला हे चक्र लगेच ओळखू येतं. चुकीच्या उपायाने लक्षण वाढतं आणि वाढलेलं लक्षण त्याच उपायाची मागणी करतं. पण या चक्रातला मला बोचणारा भाग तांत्रिक नाही. रोज पेलाभर पाणी घातल्यावर त्या तिघांना बरं वाटत होतं. म्हणजे त्या पाण्याने एक तहान नक्की भागत होती, फक्त ती झाडाची नव्हती.

काळजी करणं या क्रियेचं स्वरूप मला इथे उघडं पडलेलं दिसतं. मनात अस्वस्थता असते आणि तिला कुठेतरी वाट हवी असते. काहीतरी केलं की ती उतरते. ते 'काहीतरी' समोरच्याला हवं आहे का, हा प्रश्न त्या घाईत विचारायचा राहून जातो. काळजी घेण्याची सुरुवात मात्र याच प्रश्नापासून होते.

यावर माझ्या पेशातल्या माणसाचं उत्तर तयार असतं: मोजा. भावनेवर सोडू नका, आकडा घ्या. मीही तेच केलं, आणि त्याचा मला आनंदच आहे. बाजारात मिळणारा ओलाव्याचा सेन्सर मातीसाठी बनवलेला असतो. माझ्या कुंडीत माती नाही. पाइनच्या सालीचे, कोळशाचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे आहेत, मधे पोकळ्या आहेत. तिथे तो सेन्सर काहीही सांगतो. वजन मात्र खोटं बोलत नाही. मी कुंडीखाली एक लोड सेल बसवला, त्याला तीन-चारशे रुपयांचं कंट्रोलर जोडलं, आणि आलेख फोनवर आणला. पाणी घालून निथळल्यावर माझी कुंडी साधारण ६५० ग्रॅम भरते. सुकली की ४८० च्या आसपास येते. एप्रिलमध्ये हा प्रवास चार दिवसांत होतो, जुलैमध्ये त्यालाच दहा-बारा दिवस लागतात. 'आठवड्यातून एकदा पाणी घाला' असं झाडाबरोबर आलेल्या पट्टीवर छापलेलं असतं. तो सल्ला वर्षातले काही आठवडेच बरोबर असतो, हे मला या आलेखाने शिकवलं.

माझ्या रूममेटचा पुढचा प्रश्न साहजिक होता: मग पंपच का लावत नाहीस? वजन ४८० झालं की पाणी सुरू, ६५० झालं की बंद. दहा ओळींचा कोड.

लावता येईल. दहा दिवस गावाला गेलो तर लावेनही. पण पंप ज्याचं उत्तर देतो तो प्रश्न मी आधीच ठरवून दिलेला असतो. पानाखाली कापसासारखी कीड बसली आहे, पानांच्या मधोमध पाणी साचून राहिलं आहे, नवीन मूळ कुंडीच्या कडेवरून बाहेर डोकावतं आहे, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. यंत्र लक्ष ठेवतं, आणि कशावर लक्ष ठेवायचं ते मी ठरवतो. मला अजून न सुचलेला प्रश्न झाडाकडून यायला हवा असेल, तर कुणीतरी त्याच्याकडे रिकाम्या नजरेने पाहायला हवं. पाणी घालायची वेळ ही माझ्यासाठी ती पाहण्याची वेळ आहे.

शिवाय आलेखाची दुसरीही बाजू आहे. तो फोनवर आहे, म्हणजे मीटिंगमध्ये, रिक्षात, रात्री दोन वाजता, कधीही पाहता येतो. दिवसातून दहा वेळा पाहिला तरी कुंडीचं वजन त्याने बदलत नाही. आमच्या धंद्यात अलर्टबद्दल एक जुना संकेत आहे: ज्या अलर्टवर करण्यासारखं काहीच नाही, तो काढून टाका. कारण असे अलर्ट वाढले की माणूस थकतो, आणि खरा अलर्ट येतो तेव्हा तोही नजरेआड होतो. काळजी करणं हा मला त्या जातीचा अलर्ट वाटतो. वाजत राहतो, दमवतो, आणि करायला काही देत नाही.

हे झाडापुरतं राहिलं असतं तर लिहायची गरज नव्हती. माझी एक मावशी मिरजेला एकटी राहते. अडुसष्ट वर्षांची आहे, तब्येतीने बरी, गुडघ्यांनी वाईट. मावसभाऊ डॅलसला. दोन वर्षांपूर्वी काका गेले, त्यानंतर दादाने हॉलमध्ये कॅमेरा बसवला. त्याच्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा तो जागा होतो आणि मिरजेच्या दुपारी आई टीव्हीसमोर बसली आहे हे पाहून पुन्हा झोपतो. मावशी साडी बदलायची असली की कॅमेऱ्यावर पंचा टाकते आणि कधीकधी तो काढायला विसरते. मग डॅलसहून फोन येतो: "आई, कॅमेऱ्याला काय झालं?"

दादाला हसायचा मला अधिकार नाही. हे अंतर खरं आहे आणि भीतीही खरी आहे. माझे आई-वडील सांगलीला आहेत, साठीत आहेत. मी पुण्यात असलो तरी उद्या कुठे असेन कुणास ठाऊक. आमच्या पिढीतल्या निम्म्या मित्रांच्या फोनमध्ये असा एखादा हॉल आहे. मला खटकली ती एक बारीक गोष्ट, मावशीनेच बोलता बोलता सांगितलेली. पूर्वी दादा फोनवर विचारायचा, "जेवलीस का?" आता तो सांगतो, "आज उशिरा जेवलीस."

या वाक्याकडे परत येईन. त्याआधी माझ्याच म्हणण्यावरचा एक आक्षेप नीट ऐकायला हवा.

आक्षेप असा, की 'जास्त करू नका, फक्त पाहा' हे तत्त्वज्ञान आळशी माणसाला फार सोयीचं आहे. पाणी न घालणारा प्रत्येक जण संयमी नसतो. म्हाताऱ्या आई-बापांकडे न फिरकणारी मुलंसुद्धा 'त्यांना त्यांची मोकळीक हवी' असंच म्हणतात. संयम आणि हेळसांड यांत फरक काय, आणि तो ओळखायचा कसा?

बाहेरून तो ओळखता येत नाही, हे मान्य करायला हवं. दहातल्या नऊ दिवशी माझ्या ऑर्किडसाठी मी काहीच करत नाही, आणि ज्याला त्याची फिकीर नाही असा माणूसही नेमकं तेवढंच करेल. फरक दहाव्या दिवशी पडतो. आणि दहावा दिवस कोणता हे कॅलेंडर सांगत नाही. ज्याने नऊ दिवस पाहिलं आहे त्यालाच ते कळतं. काळजी घेण्यात करण्याची कामं कमी नसतातच. दोनेक वर्षांनी सालीचे तुकडे कुजून भुगा होतात, मग झाड उपसून, मेलेली मुळं निर्जंतुक कात्रीने कापून, नव्या सालीत बसवावं लागतं. कीड कापसाच्या बोळ्याने एकेक पान धरून पुसावी लागते. जंगलात हे झाड फांदीवरून तिरकं लोंबतं, पाण्याचा थेंब पानांच्या बेचक्यात थांबत नाही. कुंडीत आपण त्याला उभं लावतो, म्हणून बेचक्यात पाणी गेलं तर ते टिपून घ्यायचं काम आपलं. ही कामं हेळसांड करणारा करणार नाही, आणि रोज पेलाभर पाणी ओतणाऱ्यालाही ती सहसा दिसणार नाहीत.

आयरिस मर्डॉक या कादंबरीकार-तत्त्वज्ञ बाईंनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एका सासूचं उदाहरण दिलं आहे. सासूला सून उथळ आणि गावंढळ वाटते. वागण्यात ती हे कुठेही दिसू देत नाही. पण ती स्वतःशी म्हणते, मी जुन्या वळणाची आहे, मत्सरी असेन, पुन्हा एकदा नीट पाहू. आणि पाहता पाहता तिला सून वेगळी दिसू लागते. बाहेर काहीच बदललेलं नाही, एकही कृती वेगळी घडलेली नाही. तरी काहीतरी नैतिक घडलं, असं मर्डॉक म्हणतात. नीट पाहणं ही स्वतःच एक कृती आहे, आणि ती अवघड आहे, कारण मधे आपण स्वतः उभे असतो. काळजीने व्याकुळ झालेला माणूस समोरच्याला पाहत नाही, तो आपली भीती पाहत असतो. मलूल पान दिसतं तेव्हा त्याला ते 'माझ्याकडून काही राहिलं' या अक्षरांतच दिसतं.

आपल्या परंपरेत झाडांच्या मायेचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र शाकुंतलाच्या चौथ्या अंकात आहे. शकुंतला सासरी निघते तेव्हा कण्व तपोवनातल्या झाडांना तिची आठवण करून देतात. तुम्हाला पाणी घातल्याशिवाय ती स्वतः पाणी पीत नसे, हे त्यातलं लोकांच्या लक्षात राहतं. त्याला लागूनच दुसरी गोष्ट आहे: तिला नटायची हौस होती, तरी तुमच्यावरच्या मायेने ती पालवी तोडत नसे. एक हात पुढे करण्याची आणि एक हात आवरण्याची, दोन्ही गोष्टी कालिदासाने एकाच दमात, एकाच मापाच्या धरल्या आहेत. आपण पहिलीवर फार भर दिला.

आता एक अधिक अडचणीचा प्रश्न. या झाडाचं मी काही लागतो, हे मुळात कुठून आलं? फांदीवर त्याला कुणाचीच गरज नव्हती. गरज आपण निर्माण केली आणि मग ती भागवण्याला प्रेम म्हणायला लागलो, असं कुणी म्हटलं तर?

इतिहास या आरोपाच्या बाजूने आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपला ऑर्किडचं वेड लागलं होतं आणि त्यासाठी जंगलं ओरबाडली गेली. जोसेफ हूकर हा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ १८५० मध्ये खासी टेकड्यांत होता. तिथल्या निळ्या वांडाचं त्याने आपल्या प्रवासवर्णनात भान हरपून वर्णन केलं आहे, आणि लगेच पुढे नोंदवलं आहे की लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी आम्ही सात माणसांचं ओझं होईल इतकी झाडं गोळा केली, पण त्यातली फार थोडी जिवंत पोहोचली. त्या लिखाणात क्रौर्य नाही. सौंदर्याने भारावलेला एक विद्वान माणूस आहे आणि सात ओझी झाडं आहेत. 'वांडा' हे नाव आपल्या संस्कृतातल्या वन्दा या शब्दावरून गेलेलं. शब्द गेला, झाडंही गेली. पुढे भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात निळ्या वांडाला संरक्षण द्यावं लागलं.

माझं फॅलेनॉप्सिस मात्र कुणी जंगलातून आणलेलं नाही. ऑर्किडचं बी धुळीच्या कणाएवढं असतं, त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतं. निसर्गात विशिष्ट बुरशीच्या मदतीशिवाय ते रुजत नाही. १९२२ साली लुईस नडसनने दाखवलं की साखर घातलेल्या माध्यमावर ते बुरशीवाचूनही रुजवता येतं. १९६० मध्ये जॉर्ज मोरेलने ऑर्किडच्या वाढत्या टोकाच्या ऊतीपासून रोपं करण्याची वाट दाखवली. त्यानंतर ही झाडं प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये जन्मू लागली. माझ्या झाडाचे पूर्वज अनेक संकरांच्या पलीकडे आहेत, त्याची हुबेहूब भावंडं जगभरच्या काउंटरांवर उभी असतील. त्याला परत पाठवायला जंगलच नाही. ते वनवासात नाही, ते घरातच जन्मलं आहे.

म्हणून ते निर्धास्तपणे मिरवायची वस्तू ठरतं का? मला उलट वाटतं. ज्याला आपण असं घडवलं की आपल्यावाचून त्याचं चालू नये, त्याचं आपण नक्कीच काही लागतो. झाडाला वेदना होते की नाही यावर हे अवलंबून नाही. पुतळा फोडला तर पुतळ्याचं काही बिघडत नाही; ऑर्किड कुजलं तर त्या ऑर्किडचं काहीतरी बिघडतं, मग त्याला ते कळो न कळो. त्याच्या दृष्टीने चांगलं आणि वाईट असं काही आहे, आणि ते माझ्या हातात येऊन पडलं आहे. जबाबदारी सुरू व्हायला मला एवढं पुरेसं वाटतं.

फुलांबद्दलही इथेच बोलायला हवं, कारण परतफेडीची आशा तिथे असते. फॅलेनॉप्सिसचा बहर दोन-तीन महिने टिकतो, मग दांडा सुकतो, आणि बरीच माणसं त्या वेळी झाड टाकून देतात. टिकवलं तर पुन्हा फुलतं. कशाने फुलतं? तापमान काही आठवडे साधारण २५ अंशांच्या आसपास किंवा खाली राहिलं की नवीन दांडा निघण्याची शक्यता वाढते. पुण्यात हे काम नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री करतात. मुंबईतल्या माझ्या मैत्रिणीचं झाड माझ्याइतकंच निगुतीने ठेवलेलं आहे, पण दांडा धरत नाही. यात तिचं काही कमी नाही आणि माझं काही जास्त नाही. खिडकी उघडी ठेवणं एवढं माझ्याकडे, थंडी हवेकडे.

नेल नॉडिंग्ज यांनी १९८४ मध्ये काळजी याच विषयावर एक पुस्तक लिहिलं. काळजी घेणं हे एकट्याचं कृत्य नाही, समोरच्याने ते कुठल्यातरी रीतीने स्वीकारलं तरच ते पूर्ण होतं, असं त्यांचं म्हणणं आहे. झाडाबाबतीत हे पूर्ण होणं कधी मिळत नाही. फेब्रुवारीत माझ्या खिडकीत फुलं येतात तेव्हा मला ती आभारासारखी वाटतात, पण ते वाटणं माझं आहे. फूल माझ्यासाठी उमललेलं नसतं. कुठल्यातरी किड्यासाठी उमललेलं असतं.

आणि इथे झाड आणि माणूस यांतला सगळ्यात मोठा फरक पुढे येतो, ज्यासाठी मी मावशीला मघाशी थांबवून ठेवलं होतं.

ऑर्किडला काय हवं ते जाणून घ्यायला माझ्याकडे पाहण्याशिवाय मार्ग नाही. मुळाचा रंग, पानाचा ताठपणा, कुंडीचं वजन, हीच त्याची भाषा. ते बोलू शकत नाही म्हणून मी पाहतो. मावशी बोलू शकते. तिच्याकडे नुसतं पाहत राहणं, म्हणजे ती जे सांगू शकते ते न विचारता खुणांवरून ताडणं, हे तिला कुंडीत नेऊन ठेवण्यासारखं आहे. "जेवलीस का?" या प्रश्नात माहिती मिळवण्यापलीकडे बरंच काही होतं. उत्तर काय द्यायचं ते तिच्या हातात होतं. ती "हो" म्हणून खोटं बोलू शकत होती, "कंटाळा आला रे, दूध-पोहे खाल्ले" म्हणून खरं सांगू शकत होती, किंवा विषय बदलून शेजारच्यांच्या भांडणावर जाऊ शकत होती. "आज उशिरा जेवलीस" या वाक्याला उत्तर नसतं. फार तर सफाई देता येते.

कॅमेरा काढा असं माझं म्हणणं नाही. ती पडली तर कुणाला तरी कळायला हवं, त्यासाठी तो असू दे. माझ्या कुंडीखालचा लोड सेलही मी काढलेला नाही. पण दिसतंय म्हणून विचारायचं राहून जात असेल, तर त्या दिसण्याने काळजी करणाऱ्याची सोय होते. त्याला झोप लागते. तीही काही कमी गोष्ट नाही, फक्त ती त्याची आहे हे मनाशी स्पष्ट असावं.

दिवाळीत मिरजेला गेलो होतो तेव्हा मी मावशीला सरळ विचारलं, तुला इथे एकटीला नक्की काय अडतं? तिला उत्तर शोधावं लागलं नाही. म्हणाली, "अरे, बाथरूममध्ये धरायला काही नाही. बादली उचलून उभं राहताना रोज भीती वाटते. आणि माळ्यावरचे डबे खाली आणून देणारं कुणी नाही."

मी म्हटलं, "मग दादाला का सांगितलं नाहीस?"

"त्याने विचारलं कुठे? आणि तो आधीच इतकी काळजी करतो, त्यात आणखी भर कशाला?"

बाथरूममध्ये कॅमेरा नाही, आणि नसावाच. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या प्लंबरला बोलावलं. त्याने अर्ध्या तासात भिंतीला स्टीलचे दोन दांडे ठोकून दिले, एक नळाशी, एक कमोडशेजारी. डबे मी उतरवले. त्यातल्या दोघांत मुंग्या झाल्या होत्या. रात्री दादाचा फोन आला तेव्हा मावशी त्याला दांड्यांबद्दल सांगत होती, कुठे लावले, किती घट्ट आहेत, प्लंबरने किती घेतले. बराच वेळ चाललं होतं ते. हॉलमधल्या कॅमेऱ्यावर पंचा तसाच होता, आणि त्या फोनवर त्याचा विषय निघाला नाही.